डाव्या बाजूचे पाटे

मजीद मिस्त्री काम करताना तोंडानं बोलत नसत. त्यांच्या हातात अर्ध्या किलोची हातोडी असायची, माझ्या हातात पाच किलोचा घण. ते पाट्यावर जिथं हातोडी ठेवायचे तिथं मी मारायचं. हातोडी टणकन वाजली तर पूर्ण घाव. नुसती टेकली तर निम्मा. ठोकळ्याच्या कडेला वाजली की थांबायचं. सत्तावीस वर्षं आमचं असं चाललं.

आमचं काम कमानीचं. ट्रकच्या मागच्या आसावर दोन्ही बाजूंना पोलादी पाट्यांची चळत असते. प्रत्येक पाट्याला होडीसारखा बाक असतो. माल वाहून वाहून तो बाक उतरतो, गाडी मागून बसते, चाक वर घासायला लागतं. मग चळत उतरवायची, पाटे सुटे करायचे आणि एकेका पाट्याला पुन्हा बाक द्यायचा. मधे खाच असलेल्या लोखंडी ठोकळ्यावर पाटा उताणा ठेवायचा. खाचेवर घण बसला की तेवढी जागा खाली जाते. पाटा दोन बोटं पुढं सरकवायचा, पुन्हा घाव. लांब पाट्याला दोनशेच्या वर घाव लागतात. काही लोक पाटा तापवून काम सोपं करतात. मिस्त्री तापवत नसत. तापवलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि सहा महिन्यांत गाडी परत बसते. थंड पाट्याला चौपट मेहनत लागते, ती माझी.

मिस्त्रींचे वडील टांगा हाकायचे. अठ्ठेचाळीस साली निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मिस्त्री दहा वर्षांचे होते. त्या साली वडिलांचा टांगा गेला आणि मुलगा मामाच्या हाताखाली गेला. मामा टांग्यांच्या कमानी करायचे. पुढं टांगे कमी झाले, ट्रक आले, मिस्त्री ट्रकचे पाटे करू लागले. मी सहासष्ट साली त्यांच्याकडं लागलो. दौलताबाद रस्त्यावर तेव्हा त्यांचं पत्र्याचं शेड होतं. पहिल्या दिवशी माझा घण पाहून ते म्हणाले, "कडूबा, हात है का शेवग्याची शेंग?" मी वीस वर्षांचा होतो. राग आला. त्या दिवशी दुपारपर्यंत मी अकराशे घाव मारले. संध्याकाळी जेवताना भाकरी उचलता आली नाही. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "शेंग हिरवी है. चलेगी."

रस्ता रुंद झाला तेव्हा शेड गेलं. मग मिस्त्रींनी ठोकळा पडेगावला घरी आणला. घरामागं लिंबाखाली मोठं अंगण होतं, अख्खा ट्रक आत यायचा. पण गिऱ्हाईक कमी झालं. शहरात तयार पाटे मिळू लागले, दोन तासांत जुने काढून नवे बसवून मिळत. आमच्याकडं दोन-तीन दिवस लागायचे. तरी जुने ड्रायव्हर येत. मजीदच्या हातची गाडी दोन्ही बाजूंना सारखी उभी राहते, असं ते म्हणत. ते खरं होतं.

मग मिस्त्रींना साखर निघाली. साखरेनं डोळे धरले. घाटी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की आतला पडदा खराब झालाय, चष्म्यानं नजर येणार नाही. हे मला नंतर कळलं. मिस्त्रींनी मला सांगितलं नाही. मला ते कामातून दिसलं.

बाक मोजायला ते फरशीवर खडूनं कमान काढत आणि ठोकलेला पाटा त्या रेघेवर उभा धरून बघत. एक दिवस ते बघायच्या ऐवजी बोटांनी चाचपू लागले. मी म्हटलं, नवी सवय असेल. पुढच्या आठवड्यात हातोडी एकाच जागी दोनदा बसली. मग तीन बोटं मोकळी सोडून पुढं बसली. असं ठोकलं की पाट्याला बाक येत नाही, मोड येतो. मोडाच्या जागी पाटा तुटतो. भरलेल्या गाडीचा पाटा घाटात तुटला तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

मी घण दोन बोटं बाजूला मारला, बरोबर जागी. मिस्त्रींनी पाटा सरकवला, हातोडी ठेवली. मी पुन्हा माझ्या जागी मारला. पाटा चांगला उतरला.

तेव्हापासून मी तसंच करत गेलो. दीड वर्ष. ते हातोडी ठेवायचे, मी पाहायचो आणि पाहिजे तिथं मारायचो. गाड्या सरळ उभ्या राहत होत्या. ड्रायव्हर मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारून जात होते. मी कुणालाच सांगितलं नाही, घरी बायकोला, द्वारकाबाईलाही नाही. मला वाटत होतं त्यांना कळलेलं नाही.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात देवगाव रंगारीचा बद्रीनाथ गाडी घेऊन आला. कांदा आणि ऊस वाहायचा. स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर, आणि तोंड सकाळी सुरू झालं की दिवस मावळेपर्यंत बंद होत नसे.

"मिस्त्री, बगा की. मागून म्हैस बसल्यावानी बसलीया."

मिस्त्रींनी चाकाच्या वर हात घातला. जागा बोटांनी मोजली. "किती उचलू?"

"चार बोटं. पाच उचलली तरी चालंल. आमची बायको म्हनती, तुमच्यापरीस गाडीचीच कंबर आधी गेली."

"तेरी कंबर यहाँ नहीं होती. त्याला दवाखाना हाय."

बद्रीनाथ हसून हसून खाली बसला. गाडी ठेवली. परवा दुपारपर्यंत पाहिजे म्हणाला. जाता जाता म्हणाला, "आमच्या गावातल्या आनखी सात गाड्या बसल्यात, मिस्त्री. ही नीट झाली का सगळ्या तुमच्याकडंच."

तो गेला आणि जैतुनबी बाहेर आल्या. मिस्त्रींच्या घरच्या. त्यांनी बद्रीनाथचं सगळं ऐकलं होतं.

"सात-बीत कुछ नक्को. रहीमनं खोली रिकामी केलीय. कितीदा बोलवायचं पोरानं?"

रहीम हा त्यांचा मुलगा. गारखेड्याला दुसऱ्या मजल्यावर राहायचा. वर्षभर तो म्हणत होता की अब्बा, काम बंद करा आणि इकडं या. मिस्त्री म्हणत, दुसऱ्या मजल्यावर ठोकळा चढत नाही.

त्या दिवशी ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, "ही गाडी माझ्या हातानं करतो. सरळ उभी राहिली तर मी कुठं जात नाही, आणि तू परत नाव काढायचं नाही. नाही राहिली तर तू म्हणशील तिथं."

"कडूभाई, सुना ना तुम?" जैतुनबी मला म्हणाल्या. "तुम गवाह."

मी मान हलवली. मला काळजी वाटली नाही. गाडी सरळ उभी राहणार हे मला माहीत होतं.

गाडी हलू नये म्हणून आम्ही पुढच्या चाकांना दगडाची उटी लावली. मागं जॅक लावून गाडी उचलली. चौकटीखाली लाकडी ठोकळे रचले. डाव्या बाजूची चाकं काढली. पाट्यांची चळत आसाला दोन वाकड्या बोल्टांनी आवळलेली असते. ते बोल्ट गंजले होते. रॉकेल सोडून, पाईप लावून ढिले करायला दीड तास गेला. चळत खाली घेतली, मधला बोल्ट काढला, नऊ पाटे सुटे केले, तारेच्या ब्रशनं घासले. हे सगळं मिस्त्रींनी माझ्याबरोबर केलं. नट कुठं आहे हे बघायला त्यांना डोळे लागत नव्हते.

मग ते ठोकळ्यापाशी बसले. पहिला पाटा घेतला. हातोडी हातात घेतली आणि तशीच धरून म्हणाले, "कडू, ही डावी बाजू. हातोडी जिथं असंल तिथंच मारायचं. उजव्या बाजूला तुझं तू मार."

"म्हंजी काय, मिस्त्री?"

"म्हंजी दीड वर्ष मारतोस तसं."

मी घण खाली ठेवला.

"पाटा माझ्या हातात असतो," ते म्हणाले. "घाव कुठं पडला ते मनगटाला कळतं. बहिरा नाय मी."

"कधीपास्नं माहीत हाय तुम्हाला?"

"उन्हाळ्यापास्नं. आधी वाटलं तू म्हातारा झालास. नेम चुकतोय तुझा." ते जरा हसले. "मग म्हटलं, याचा नेम चुकतो तर गाड्या सरळ कशा?"

मी म्हटलं, "थोडंसंच इकडं तिकडं व्हतं, मिस्त्री. लई नाय."

"किती, ते बघू ना. उचल."

मी उचलला. हातोडी बसली. बरोबर जागी बसली होती. दुसरीही बरोबर. मला बरं वाटलं. तिसरी दुसरीच्या अंगावर बसली. मी मारला. चौथी हुकली, चार बोटं पुढं गेली. मी मारला. पाट्यावर दोन जागी पोलाद चकाकत होतं आणि मधे घाव नसलेली काळी पट्टी राहिली होती. मला ती दिसत होती. त्यांना दिसत नव्हती.

तिसऱ्या पाट्याला मोड पडायला लागला. मी घण वर नेला आणि तिथंच धरला. सत्तावीस वर्षांत मी घण असा कधी धरला नव्हता.

मिस्त्री म्हणाले, "मार."

मी मारला.

डाव्या बाजूचे नऊ पाटे आम्ही त्या दिवशी संपवले. माझ्या मोजणीनं बाराशे चाळीस घाव. त्याच्या दीडपट घाव मी एका दिवसात मारलेले आहेत, आणि संध्याकाळी सायकलवर घरी गेलो आहे. त्या दिवशी सायकल हातात धरून चालत गेलो.

ठोकून झालेला प्रत्येक पाटा मिस्त्री खडूच्या रेघेवर धरत आणि बोटं फिरवत. "ठीक है," म्हणत. एका पाट्यावर बोट थांबलं, मागं गेलं, पुन्हा थांबलं. तरी म्हणाले, "ठीक है." चळत रचली तेव्हा पाट्यांच्या मधे फटी होत्या. पण बोल्ट आवळले की फटी दबतात. आवळेपर्यंत आणि गाडी खाली उतरेपर्यंत कुणालाच नक्की सांगता येत नाही. त्या रात्री मिस्त्रींना थोडी आशा असावी. मला नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजवी बाजू केली. मिस्त्रींनी हातोडी घेतलीच नाही. नुसता पाटा धरला. मी घण हळूच टेकवायचो, ते सरकवायचे, मी मारायचो. मी ठरवलं असतं तर उजवी बाजूही थोडी वाईट करू शकलो असतो. दोन्ही सारख्या वाईट झाल्या असत्या, गाडी सरळ उभी राहिली असती, कमी उचलली एवढंच. हे माझ्या मनात आलं. पहिल्या पाट्याला आलं आणि दुसऱ्यालाही आलं. पण वाईट घाव मला मारता येत नाही. आदल्या दिवशी मारले ते मिस्त्रींनी सांगितलं म्हणून. नऊच्या नऊ पाटे स्वच्छ उतरले.

दुपारी चार वाजता चाकं चढवली, ठोकळे काढले, जॅक सोडला. गाडी खाली आली. उटी काढून आम्ही ती ढकलून एक हात पुढं नेली, एक हात मागं आणली, म्हणजे पाटे आपापल्या जागी बसतात. जैतुनबी दारात उभ्या होत्या.

मिस्त्रींनी उजव्या चाकावर हात घातला. आधी होती त्यापेक्षा चार बोटं जागा जास्त, आणि वर थोडी. मग ते गाडीला हात लावत लावत मागून डावीकडं गेले. हात घातला. दोन बोटं. त्यांनी हात काढला, पुसला, पुन्हा घातला.

"रिकामी हाय ना गाडी, म्हनून," मी म्हटलं. "माल भरला का सारकी व्हईल."

"मला शिकवतो?"

ते जैतुनबींना म्हणाले, "परात ला. पानी डालके."

त्यांनी परात आणून दिली. मिस्त्रींनी ती माझ्याकडून ट्रकच्या तळावर, माल भरतात तिथं, मागच्या कडेला बरोबर मधे ठेवून घेतली. मग खाली सोडलेल्या मागच्या फाळक्याला पोट टेकून दोन्ही हात लांब केले आणि परातीच्या दोन्ही काठांना एकेक बोट आत बुडवलं. उजवं बोट नखापर्यंत भिजलं. डावं दुसऱ्या पेरापर्यंत. जैतुनबी आत निघून गेल्या. वर्षभर त्यांना हेच पाहिजे होतं.

"उतरव," मिस्त्री मला म्हणाले. "डावी."

"उद्या सकाळी करतो मी. बद्रीनाथ दुपारी यील, तवर व्हतंय."

"तू एकटा?"

"तुम्ही पाटा धरा."

तिसऱ्या दिवशी मी साडेपाचला आलो. थंडी होती, लोखंडाला हात लावला की बोटं बधिर होत होती. डावी बाजू पुन्हा खोलली. सात पाटे परत ठोकून नीट करता आले. दोन पाट्यांना मोड पक्का झाला होता, ते उलटे ठोकले तर चिरले असते. मिस्त्री उठले, भिंतीपाशी जुन्या पाट्यांचा ढीग होता तिथं गेले, आणि दोन काढून आणले. रुंदी तीच, जाडी तीच. पन्नासेक पाट्यांतून पहिल्याच हाताला. मी मापून पाहिले, दोऱ्याचा फरक नव्हता. मी तसं त्यांना सांगितलं.

"त्याला काय लागतं," ते म्हणाले.

साडेअकराला गाडी चाकांवर उभी होती. मी परात मागितली नाही. डोळ्यांनी पाहिलं. सरळ होती.

बद्रीनाथ बाराच्या एसटीनं आला. गाडीभोवती एक चक्कर मारली, मागं लांब जाऊन वाकून पाहिलं.

"आरं बाप! नवी नवरी उभी ऱ्हायल्यावानी ऱ्हायलीया! मिस्त्री, हात हाय का जादू हाय?"

"हात याचा हाय," मिस्त्री म्हणाले. माझ्याकडं बोट केलं. बोट जरा बाजूला गेलं.

बद्रीनाथला वाटलं थट्टा चाललीय. "व्हय व्हय, घण त्याचा आन डोकं तुमचं. उद्याच दुसरी गाडी लावून देतो. आमच्या चुलत्याची हाय, तिची तर पार माती झाली."

"नको लावू. काम बंद."

"का वो? येवडं झ्याक काम करता आन बंद?"

"बंद म्हंजी बंद."

बद्रीनाथनं माझ्याकडं पाहिलं. मी घण पुसत होतो. गाडी अंगणातून बाहेर पडली, फाटकाच्या खड्ड्यात मागचं चाक गेलं, वर आलं, आणि दोन्ही बाजू सारख्या हलून थांबल्या.

मग मिस्त्री मला जे म्हणाले ते मी तसंच लिहितो.

"तू पहिल्या दिवशी सांगायला पायजे होतं."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"हौ. वाटलं असतं. दोन दिवस जेवलो नसतो. मग माझ्या पायानं उठून गेलो असतो." ते ठोकळ्यावर बसले होते. "दीड वर्ष लोकांनी पाठ थोपटली. मी बसून थोपटून घेतली. उन्हाळ्यापास्नं तर मला ठाऊक होतं, तरी घेतली. ती सवय तू लावलीस."

"मी चांगल्यासाठीच केलं, मिस्त्री."

"काम चांगलं केलंस," ते म्हणाले. "ते मी कुठं नाही म्हणतो."

पुढच्या रविवारी रहीम टेम्पो घेऊन आला. ठोकळा आणि जुने पाटे भंगारात गेले. मी सामान चढवायला होतो. मिस्त्री आधीच पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले होते आणि काच वर होती.

मी महिनाभर एकट्यानं प्रयत्न केला. माझ्या घराजवळ एक ठोकळा मिळवला. बद्रीनाथच्या चुलत्याची गाडी आली. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "मिस्त्री कुठं हायत?" मी म्हटलं, मीच करतो. तो चहा पिऊन येतो म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. नंतर मी धान्याच्या गोदामात हमालीला लागलो. तिथून साठाव्या वर्षी बाहेर पडलो.

गारखेड्याला मी तीनदा गेलो. पहिल्यांदा मिस्त्री बाल्कनीत खुर्चीवर होते. तब्येत कशी, म्हटलं. ठीक, म्हणाले. द्वारकाबाई कशी, त्यांनी विचारलं. ठीक, म्हटलं. खालून ट्रक जात होते. त्यांचा आवाज येत होता आणि ते एकाबद्दलही काही बोलले नाहीत. पूर्वी नुसत्या आवाजावरून सांगायचे, डाव्या बाजूचा पाटा तुटलाय.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा जैतुनबींनी दार उघडलं. "सो रहे," म्हणाल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या. मी चहा घेतला आणि आलो.

तिसऱ्यांदाही त्यांनी तेच सांगितलं. सकाळचे अकरा वाजले होते. आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग खोकला. मी त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "मी कडूबा. आलो होतो म्हनून सांगा." आतला खोकला थांबला. जैतुनबी दारातच उभ्या होत्या. मी थोडा वेळ थांबलो. मग जिना उतरलो.